तुटलेला टप्पा : घाटावरील आगगाडी आणि माथेरान

सोलापुरास आगगाडी आली ती इ. स. १८६० च्या जून महिन्यात. बोरघाटातील लोहमार्ग वाहतुकीस खुला झाला तो १८६३ च्या मे महिन्यात. ह्या दोन घटनांमध्ये तीन वर्षांना थोडे कमी इतके अंतर आहे, आणि लोहमार्गांच्या इतिहासग्रंथांत ते एका ओळीत उरकले जाते. परंतु त्या काळात भवानी पेठेतून मुंबईस निघालेल्या एखाद्या व्यापाऱ्याची कल्पना केली, तर त्या एका ओळीत काय दडले आहे ते दिसू लागते. सोलापूरच्या फलाटावर तो गाडीत बसे. कुर्डुवाडी, दिकसाळ, पुणे अशी मजल मारीत खंडाळ्यास पोहोचे. आणि तेथे गाडी संपे. पुढे डोंगर होता. डोंगराच्या पायथ्याशी खोपोलीस दुसरी गाडी उभी असे आणि ती मुंबईस जाई. मधला उतार मात्र त्यास पालखीत, टट्टूवर, बैलगाडीत किंवा स्वतःच्या पायांनी उतरावा लागे. त्याचे सामान ज्याच्या डोक्यावर असे त्याचे नाव कोणत्याही वेळापत्रकात नव्हते.

डोंगरावर जाणाऱ्या आगगाडीचा इतिहास बहुधा विजयगाथेच्या स्वरूपात सांगितला जातो. अमुक फूट चढ, अमुक बोगदे, अमुक वर्षांत पूर्ण, अशी ती कथा असते. ती खोटी नव्हे. परंतु तिच्यात रूळ जेथे पोहोचले त्याचाच हिशेब असतो. रूळ जेथे पोहोचले नाहीत, अथवा उशिरा पोहोचले, त्या तुटलेल्या टप्प्याचा हिशेब तिच्यात नसतो. महाराष्ट्रातील घाटवाटांच्या बाबतीत हा दुसरा हिशेब मांडल्यावाचून पहिल्याचा अर्थ लागत नाही. बोरघाटात तो टप्पा पाच वर्षे टिकला. नेरळ ते माथेरान ह्या वाटेवर तो अर्धशतक टिकला, आणि त्या वाटेच्या शेवटच्या मैल-दोन मैलांत त्याचा वाद एकविसाव्या शतकातही न्यायालयापुढे आला.

युरोपातील पर्वतीय लोहमार्गांशी येथील लोहमार्गांची तुलना वारंवार केली जाते, म्हणून त्यांतील एक मूलभूत फरक आरंभीच नोंदविणे इष्ट. स्वित्झर्लंडमधील दावोस हे गाव प्रथम क्षयरोग्यांच्या उपचारासाठी प्रसिद्धीस आले. विलेम यान होल्सबोअर नावाच्या एका डच गृहस्थाच्या पुढाकाराने लांडक्वार्टपासून तेथवर अरुंद मापाचा लोहमार्ग झाला, आणि १८९० साली गाडी दावोसला पोहोचली. पुढे त्याच गावी बर्फावरून लाकडी पट्ट्यांवर घसरत जाण्याचा खेळ रुजला. खेळाडू डोंगरमाथ्यावरून घसरत दूरच्या खेड्यात उतरावेत आणि आगगाडीने पुन्हा वर यावेत, असा परिपाठ पडला. तेथे आगगाडीचा खरा हंगाम हिवाळा ठरला. जो बर्फ पूर्वी गावाची वाट अडवीत असे, तोच गिऱ्हाईक आणू लागला. सह्याद्रीत असे काही होणे शक्य नव्हते. येथे डोंगरावर जाण्याचे कारण बर्फ नव्हे, तर उन्हाळा. आणि वाट अडविणारा पाऊस कोणाचाही गिऱ्हाईक-मित्र झाला नाही. तो आजही दरवर्षी माथेरानची गाडी थांबवितो.

हा फरक भाषेतही उमटला आहे. इंग्रजांनी अशा वसाहतींना जे नाव दिले त्यातील 'स्टेशन' हा शब्द लष्करी व कारभारी मुक्कामाचा वाचक होता; आगगाडीच्या स्टेशनाशी त्याचा संबंध नव्हता. मराठीने त्याचे भाषांतर केले नाही. 'गिरिस्थान' हा घडीव शब्द पुस्तकांतच राहिला. लोकांनी 'थंड हवेचे ठिकाण' असे म्हटले. ह्या शब्दसमूहात डोंगराचा उल्लेखच नाही. आहे तो हवेचा. 'हवा खाण्यास जाणे', 'हवापालट करणे' हे प्रयोग त्याच घरातले. ज्या प्रदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो, त्या सोलापूरसारख्या प्रदेशातील माणसास डोंगराच्या उंचीपेक्षा हवेचा गारवा महत्त्वाचा वाटावा, हे स्वाभाविकच होय.

'घाट' ह्या शब्दाची कथा याहून बोधप्रद आहे. मराठीत घाट म्हणजे डोंगरातील चढउताराची वाट: बोरघाट, थळघाट, नाणेघाट. डोंगररांगेचे नाव सह्याद्री. परकीयांनी वाटेचे नाव रांगेस लावले, आणि ते नाव 'पश्चिम घाट' ह्या रूपाने शालेय भूगोलाच्या द्वारे पुन्हा मराठीत शिरले. दुसरीकडे, घाटावरून मुंबईत पोट भरण्यास उतरलेल्या कष्टकऱ्यास त्या शहराने 'घाटी' म्हटले, आणि त्या शब्दास हेटाळणीचा रंग चढला. वाटेवरून डोंगराचे नाव पडले, आणि वाट उतरून येणाऱ्या माणसाचेही पडले. डोंगराचे मानाचे, माणसाचे अपमानाचे.

बोरघाटाची गाडीवाट सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, १८३० साली पूर्ण झाली होती. तत्पूर्वी ह्या वाटेने माल जाई तो लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास गेली. १८५४ साली मार्ग कल्याणपर्यंत आणि १८५६ च्या मे महिन्यात नेरळवरून खोपोलीपर्यंत पोहोचला. घाटाच्या वरच्या अंगाने खंडाळा ते पुणे हा भाग १४ जून १८५८ रोजी सुरू झाला. पुण्याच्या पूर्वेस जमीन सपाट होती. त्यामुळे दिकसाळ १८५८ अखेर, कुर्डुवाडी १८५९, मोहोळ १८६० च्या जानेवारीत व सोलापूर त्याच वर्षीच्या जूनमध्ये, अशा वेगाने रूळ पुढे सरकले. म्हणजे सोलापूरचा कापूस दीडशे मैलांहून अधिक अंतर आगगाडीने तोडून खंडाळ्याच्या कड्यावर येऊन थांबत असे. सपाटीवरची शेकडो मैलांची प्रगती आणि डोंगरातली ही पंधरा मैलांची अडवणूक यांतील विसंगती त्या काळच्या व्यापाऱ्यांना किती बोचली असेल, हे सांगावयास नको.

घाटातील मार्गाची लांबी सुमारे पावणेसोळा मैल आणि चढ १,८३१ फूट. बोगदे पंचवीस. जास्तीत जास्त चढण सदतीस फुटांस एक फूट अशी. मुख्य अभियंता जेम्स बर्कले याने खंडाळ्याच्या अलीकडे डोंगराच्या धारेवर एक उलटे स्थानक योजले होते. तेथे गाडी आत शिरे, इंजिन दुसऱ्या टोकास जोडले जाई आणि गाडी उलट दिशेने पुढची चढण घेई. वळण घेण्यास जागाच नसलेल्या कड्यावर ही युक्ती नामी ठरली. हे स्थानक १९२९ च्या सुमारास, विजेच्या गाड्या येण्याच्या वेळी नवा बोगदामार्ग झाल्यावर, कायमचे बंद पडले. पण मार्ग बांधणे ही युक्तीची बाब कमी आणि माणसांची अधिक होती. पहिला कंत्राटदार फॅविएल याने १८५६ च्या आरंभी काम हाती घेतले. दगड फोडणे, सुरुंगाची भोके पाडणे, माती वाहणे ही कामे वडारांच्या व इतर मजुरांच्या टोळ्या करीत. त्यांत स्त्रिया व मुले सरसहा असत. पावसाळा आला की काम थांबे आणि टोळ्या पांगत. पाऊस सरला की मुकादम पुन्हा माणसे गोळा करण्यास निघत. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीच्या तक्रारीवरून घाटात मजुरांचा उद्रेक झाला. फॅविएलने काम सोडले. पुढील वर्षी अशा कामांवरील मालक व मजूर यांच्यातील वेतनाचे तंटे मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याची तरतूद करणारा कायदा झाला, त्यामागे घाटातील हा प्रकार होता. भारतातील मजूरविषयक कायद्यांच्या इतिहासात बोरघाटाचे हे स्थान सहसा सांगितले जात नाही.

फॅविएलच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल भारतात पोहोचल्यावर काही दिवसांतच, १८५९ च्या अखेरीस, मरण पावला. त्याची विधवा अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट न सोडता अ‍ॅडमसन व क्लाउझर ह्या अभियंत्यांच्या हाती प्रत्यक्ष काम सोपवून ते पुरे करविले. १८६१ साली घाटात चाळीस हजारांहून अधिक माणसे एकाच वेळी राबत होती. एवढी माणसे, उघड्यावरचा निवास, ओढ्याचे पाणी; पटकीची साथ आली की ती झोपड्यांच्या रांगाच्या रांगा रिकाम्या करी. मृतांचा आकडा हजारांत सांगितला जातो. बर्कले स्वतः मार्ग पाहण्यास उरला नाही. तो १८६२ साली इंग्लंडमध्ये वारला. त्याचे स्मारक झाले. ट्रेडवेलबाईचे नाव निदान लेखकांच्या लेखणीत राहिले. मजुरांपैकी एकाचेही नाव लोकांच्या तोंडी नाही.

घाट खुला झाल्यावर खंडाळा व लोणावळा ही ठिकाणे मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर आली. मुंबईच्या धनिकांचे बंगले तेथे उठले; आरोग्यधामे आली. हा मार्ग हवा खाण्यासाठी बांधलेला नव्हता. तो कापसासाठी व फौजेसाठी होता. हवेचा लाभ हा त्याचा आनुषंगिक परिणाम. उलट, ज्या महाबळेश्वरास माल्कमनेच प्रतिष्ठा मिळवून दिली होती आणि जेथे मुंबई सरकार उन्हाळ्यात मुक्काम करी, तेथवर आगगाडी कधीच गेली नाही. वाठार स्थानकावर उतरून वाईमार्गे पसरणीचा घाट चढावा लागे. राज्यकर्ते जेथे जातात तेथे रूळ आपोआप जातात, हा समज महाबळेश्वरच्या उदाहरणाने खोटा ठरतो. सिमल्यास १९०३ साली गाडी गेली ती तेथे सबंध हिंदुस्थानचे सरकार बसत असे म्हणून. महाबळेश्वराचा कारभार तेवढा जड नव्हता, आणि वाटेत वाहून नेण्याजोगा मालही नव्हता.

माथेरानचे प्रकरण ह्या सर्वांहून निराळे आहे. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट हा चौकच्या बाजूने ह्या डोंगरावर चढला आणि त्याने तेथे वस्तीची जागा निवडली. मॅलेटने माथेरान 'शोधून काढले' असे लिहिण्याची प्रथा आहे. डोंगरावर धनगर, ठाकूर व कातकरी यांचा वावर त्यापूर्वीपासून होता; आणि 'माथेरान', म्हणजे माथ्यावरचे रान, हे नाव मॅलेटने दिलेले नव्हे. ज्या स्थळास आधीच नाव आहे ते स्थळ सापडले असे म्हणताना इतिहासकाराने थोडे अडखळावयास हवे. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन याने पुढे ह्या वसाहतीस उत्तेजन दिले, बंगले झाले, आणि टोकाटोकांस इंग्रजी नावे पडली.

१८५६ साली डोंगराच्या पायथ्याशी नेरळ स्थानक झाले आणि माथेरानचे दिवस पालटले. मुंबईहून नेरळपर्यंत आगगाडी; पुढे चढण. हीच बोरघाटातली परिस्थिती होती, फरक इतकाच की हा टप्पा भरून काढण्याची निकड कोणासच नव्हती. घाटात कापूस अडला होता. येथे अडली होती ती हौस. त्यामुळे १८५६ पासून १९०७ पर्यंत, एकावन्न वर्षे, माथेरानला जाणारा प्रत्येक सुखवस्तू प्रवासी टट्टूवरून किंवा माणसांच्या खांद्यांवरून वर गेला. पालखी, डोली, खुर्चीस दांडे लावून केलेली तामजाम, पुढे हाताने ओढावयाची रिक्षा, ही सारी वाहने ह्या वाटेवर चालली. लहान मुले, आजारी माणसे, वृद्ध स्त्रिया ह्यांच्यासाठी डोली. बंगल्यांचे सामान, पेट्या, बर्फ, भाजीपाला डोक्यावरून. डोंगरकुशीतल्या वाड्यांतील पुष्कळ कुटुंबांच्या उन्हाळ्याचे पोट ह्या चढणीवर भरे. ही मिळकत होती, हे विसरता येत नाही. आणि ती कशी मिळत होती, हेही विसरता येत नाही.

हा टप्पा भरून काढला तो सरकारने नव्हे, तर एका मुंबईकर व्यापारी घराण्याने. सर आदमजी पीरभॉय हे दाऊदी बोहरा समाजातील एक थोर उद्योगपती. लष्करास तंबू व इतर सामान पुरविण्याच्या व्यवसायातून त्यांनी मोठी संपत्ती मिळविली होती. मुंबईच्या नगरपालपदाचा मान त्यांना लाभला होता. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी लोहमार्गाचा ध्यास घेतला. पित्याने पैसा पुरविला. १९०४ साली काम सुरू झाले आणि १९०७ साली गाडी माथेरानला पोहोचली. खर्च सुमारे सोळा लाख रुपये झाला. दार्जिलिंगच्या मार्गामागे चहा होता, सिमल्याच्या मार्गामागे साम्राज्य होते. माथेरानच्या मार्गामागे असे काहीच नव्हते. सोळा लाख रुपये एका लहान डोंगरावरच्या थंड हवेवर लावणे हा धंद्याचा हिशेब म्हणावा की घराण्याची हौस, ह्याबद्दल दुमत होऊ शकेल. ह्या लेखाच्या दृष्टीने दुसरे उत्तर अधिक संभवनीय दिसते.

ह्या मार्गाचे सल्लागार अभियंता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हे होते, आणि येथे सोलापूर जिल्ह्याचा धागा पुन्हा हाती येतो. कॅल्थ्रॉप हे प्रारंभी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीत होते. अरुंद मापाच्या लोहमार्गांचे ते कट्टर पुरस्कर्ते. त्यांनी आपले मत सिद्ध करून दाखविले ते कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंतच्या बार्शी लाइट रेल्वेवर. अडीच फूट मापाचा हा मार्ग १८९७ साली सुरू झाला. हलक्या रुळांवरूनही पुष्कळ ओझे नेता येते, मात्र डब्यांची रचना अशी हवी की प्रत्येक आसावर भार सारखा पडावा, हे त्यांचे सूत्र. बार्शीची छोटी गाडी १९०६ च्या सुमारास पंढरपुरास पोहोचली आणि वारीच्या दिवसांत माणसांनी लगडून धावू लागली. जवळजवळ त्याच वेळी, त्याच अभियंत्याच्या सल्ल्याने, दुसरी एक छोटी गाडी माथेरान चढू लागली. एक विठोबाकडे, दुसरी हवेकडे. एकीस सपाटी आणि अफाट गर्दी. दुसरीस उभा कडा आणि मोजके प्रवासी. बार्शीचा मार्ग १९५४ साली सरकारकडे आला आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी टप्प्याटप्प्याने रुंद झाला. त्याचे मूळ रूप आता उरलेले नाही. माथेरानचा मार्ग रुंद होणे शक्यच नव्हते, म्हणून तो जसाच्या तसा राहिला.

माथेरानच्या रुळांमधील अंतर अवघे दोन फूट. मार्ग सुमारे एकवीस किलोमीटर. चढण कित्येक ठिकाणी वीस फुटांस एक फूट, म्हणजे बोरघाटाच्या जवळजवळ दुप्पट. निलगिरीच्या मार्गावर दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसवून इंजिनास चढणीवर पकड दिलेली आहे. माथेरानला तसे काही नाही. केवळ चाक आणि रूळ यांच्या घर्षणावर गाडी चढते. त्यामुळे चढण एका मर्यादेपलीकडे नेता येत नाही, आणि मार्ग डोंगराच्या अंगाला नागमोडी गुंडाळीत न्यावा लागतो. घोड्याच्या नालाच्या आकाराची वळणे घेत गाडी एकाच दरीकडे पुनःपुन्हा येते. प्रत्येक वेळी थोडी अधिक उंचीवरून. बोरघाटाप्रमाणे उलटी स्थानके येथे नाहीत. त्यांची गरज ह्या वळणांनी भागविली. बोगदा एकच, आणि तोही इतका आखूड की त्यास प्रवाशांनी एका चुंबनाच्या अवधीवरून इंग्रजी नाव ठेवले. मराठीत त्या नावाचे भाषांतर झालेले नाही, ते का हे समजण्याजोगे आहे.

अशा वळणांवर सामान्य इंजिन चालणार नाही. इंजिनाचे आस ताठ व समांतर असले की आखूड वळणावर चाके रुळास घासतात, आणि शेवटी रूळ सोडतात. ओरेनस्टाइन व कोप्पेल ह्या जर्मन कारखान्याने माथेरानसाठी जी चार वाफेची इंजिने पुरविली, त्यांत ह्यावर उपाय होता. पुढच्या व मागच्या चाकांचे आस पोकळ नळीसारखे केलेले होते. आतला गाभा चौकटीत स्थिर राही, तर बाहेरची नळी चाकांसह किंचित आडवी सरके व वळे. वळण आले की टोकाची चाके आपोआप रुळाबरोबर झुकत. ताशी वेग बारा किलोमीटरांच्या आसपास. चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढता येते, असे विनोदाने म्हणतात. १९८० च्या दशकाच्या आरंभी डिझेल इंजिनांनी वाफेचे राज्य संपविले. नेरळ येथे एक जुने इंजिन प्रदर्शनार्थ उभे आहे.

वाटेतील स्थानकांची नावे पाहण्याजोगी आहेत. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज. पैकी शेवटची दोन गावांची नावे नव्हेत. 'वॉटर पाइप' ह्या इंग्रजी सामान्यनामाचे तसेच देवनागरीत स्थानक झाले. पाण्याच्या नळाजवळ गाडी थांबे, एवढाच त्याचा अर्थ. वाफेच्या इंजिनास पाणी लागते, आणि चढणीवर ते वारंवार लागते. इंजिन गेले, तहान गेली, नाव राहिले. बोरघाटातील पुष्कळ स्थानकांना जुन्या वस्त्यांची नावे मिळाली, कारण त्या वाटेने शतकानुशतके माणसे चालत आली होती. माथेरानची आगगाडीची वाट मात्र कोणाच्याच जुन्या पायवाटेवरून गेली नाही. पायाने चढणारा सरळ चढतो. गाडी वळसे घेते. म्हणूनच गाडीच्या मार्गावर गावे नाहीत, आणि पूर्वीच्या पायवाटेवरच्या वाड्यांना गाडीचा उपयोग थोडा.

ह्या डोंगराचा लोहमार्गाशी आणखी एक वेगळा संबंध आला. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, लोकांचे भाई कोतवाल, हे माथेरानचे. नाभिक कुटुंबात १९१२ साली जन्मलेल्या ह्या वकिलाने १९४२ च्या आंदोलनात भूमिगत दस्ता उभारला आणि मुंबईच्या गिरण्यांना व आगगाड्यांना वीज पुरविणाऱ्या वाहिन्यांचे मनोरे पाडण्याचे काम हाती घेतले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांशी झालेल्या चकमकीत ते व हिराजी पाटील धारातीर्थी पडले. हवा खाण्यास येणाऱ्यांच्या माथेरानखेरीज दुसरे एक माथेरान होते, हे ह्या एका चरित्रावरून स्पष्ट होते.

गाडी आल्याने डोलीवाले नाहीसे झाले काय? नेरळच्या पायथ्यावरून ते पुष्कळ अंशी नाहीसे झाले. पण गाडी वर जेथे थांबते तेथून बंगले, उपाहारगृहे व टोके दूर आहेत, आणि माथेरानात मोटारीस बंदी आहे. केंद्र सरकारने २००३ साली माथेरानचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला, तेव्हा ह्या बंदीस अधिकच बळ आले. मोटारीचा रस्ता दस्तुरी नाक्यापर्यंत येतो आणि तेथे संपतो. त्यापुढे घोडा, हमाल किंवा माणसाने ओढावयाची हातरिक्षा चाले. आगगाडीने तुटलेला टप्पा भरून काढला नाही, तो वर सरकविला, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. १८५६ साली तो नेरळपासून सुरू होई. पुढे तो दस्तुरीपासून सुरू होऊ लागला. ओझे तेच, अंतर कमी.

त्यातच पावसाने आपला हिशेब चालू ठेवला. बोरघाटात १८६७ च्या पावसाळ्यात दगडी कमानींचा एक मोठा पूल कोसळला होता. तो धडा सह्याद्री विसरू देत नाही. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीने माथेरानच्या मार्गाची दाणादाण उडाली. गाडी पुन्हा सुरू होण्यास २००७ चा मार्च उजाडला. योगायोगाने ते मार्गाचे शताब्दी वर्ष होते. २०१६ च्या मे महिन्यात लागोपाठ दोनदा डबे घसरल्याने सेवा थांबली. संपूर्ण मार्गावर ती पुन्हा सुरू झाली २०१८ च्या आरंभी. २०१९ च्या पावसाळ्यात पुन्हा भराव वाहून गेले, आणि नेरळहून सबंध डोंगर चढणारी गाडी २०२२ च्या ऑक्टोबरातच परत आली. ह्या खंडांच्या काळात अमन लॉज ते माथेरान ही अवघ्या दोन-तीन किलोमीटरांची फेरीगाडी गावाचा आधार ठरली. पर्यटक मोटारीने दस्तुरीस येत, तेथून त्या गाडीत बसत. पावसाळ्यात नेरळची गाडी बंद असली तरी ही फेरीगाडी चालू ठेवण्याचा प्रघात पडला आहे. दार्जिलिंग, निलगिरी व सिमला हे तीन मार्ग १९९९ ते २००८ ह्या काळात जागतिक वारशाच्या यादीत गेले. माथेरानचे नाव संभाव्य यादीत आहे. हौसेने बांधलेल्या मार्गास साम्राज्याने बांधलेल्या मार्गाइतका मान मिळण्यास वेळ लागतो.

फेरीगाडीतही सामानाची व प्रवाशांची सारी सोय होत नाही. शाळेस जाणारी मुले, रुग्ण, गॅसच्या टाक्या, किराणा ही गावाची नित्याची वाहतूक हमालांच्या व घोड्यांच्या पाठीवर राहिली. हातरिक्षा ओढणाऱ्यांनी स्वतःच ह्या कामातून सुटका मागितली. विजेवर चालणाऱ्या रिक्षांचा प्रयोग करून पाहण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली अनुमती दिली, आणि वर्षाखेरीस तो सुरूही झाला. घोडेवाल्यांनी त्यास विरोध केला. कारण त्यांचे पोट त्याच दोन-तीन किलोमीटरांवर अवलंबून होते. ही तक्रार क्षुद्र मानून बाजूस सारता येण्याजोगी नाही. नेरळच्या डोलीवाल्यांना १९०७ साली कोणी काय विचारले होते, असा प्रश्न येथे मनात येतो. ६ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने माणसाने माणसास ओढण्याची ही प्रथा मानवी प्रतिष्ठेस बाधक ठरविली, ती सहा महिन्यांत थांबवावी, आणि हातरिक्षा ओढणाऱ्यांचे विजेच्या रिक्षा देऊन पुनर्वसन करावे, असा आदेश राज्य सरकारास दिला.

माथेरानातील परवानाधारक हातरिक्षांची संख्या ह्या प्रकरणात चौऱ्याण्णव अशी नोंदली गेली. प्रत्येक रिक्षेमागे एकाहून अधिक माणसे लागत: एक पुढे ओढणारा, एक-दोन मागून ढकलणारे. उतारावर तीच माणसे मागे रेटून धरीत. त्या तांबड्या मातीच्या वाटेच्या कडेनेच आगगाडीचे दोन फुटी रूळ जातात, आणि चढणीवर कित्येकदा गाडी व रिक्षा यांचा वेग सारखाच असे.